एसटीनं जायचं म्हटलं की हे गप्प होतात

सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावाहून हे पत्र आलंय. ताई एकोणपन्नास वर्षांच्या, घरी शिलाईकाम करतात. मिस्टर सत्तावन्न वर्षांचे, बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजवर दिवाणजी आहेत. मुलगी सासरी, मुलगा पुण्यात नोकरीला. भिशीचे १६,००० रुपये हाती आलेत आणि ताईंच्या मनात आहे की दोघांनीच पाच दिवस एसटीनं कोकणात फिरून यावं. रत्नागिरी, गणपतीपुळे, मालवण, वेंगुर्ला आणि जमलं तर दापोली. मिस्टर दरवेळी म्हणतात, "पुढच्या वर्षी गाडी करून जाऊ, पोरांनाही घेऊ." हे पुढचं वर्ष गेली सात वर्षं चाललंय. जाऊबाई म्हणतात, एसटीनं कुणी फिरायला जातं का? ताई लिहितात, "२०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. लोक म्हणतात, पाणी बघायची हौस फिटली नाही का? पण मला काठापर्यंत येऊन परत जाणारं पाणी बघायचंय, यांच्या शेजारी बसून." त्यांचे प्रश्न तीन आहेत. पैसे कमी असताना असा हट्ट धरणं चूक आहे का? यांना माझ्याबरोबर एसटीनं जायची लाज वाटते का? आणि हे नाहीच आले तर मैत्रिणीबरोबर जाऊ का?

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. हट्ट चूक नाही. पैसे तुम्ही मशीनवर बसून साठवलेत, मागणं पाच दिवसांचं आहे आणि सोळा हजारांत ते नीट बसतं. हिशेब पुढे मांडतेच. जाऊबाईंचं बोलणं मनावर घेऊ नका. १९४८ पासून आपली अर्धी लग्नं, बाळंतपणं, परीक्षा आणि पंढरपूरच्या वाऱ्या एसटीनंच पार पडल्यात. तिनं कोकणात जाण्यात कमीपणा कसला?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी मात्र मी बराच वेळ थांबले. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर अडकले. तुम्ही ते तक्रारीच्या ओघात लिहून गेलात: "लग्नकार्याला वडापनं गेलो तरी हे दोनदा गाडी थांबवायला लावतात, आणि निघायच्या दिवशी सकाळचा चहासुद्धा घेत नाहीत."

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, ताई. वडाप म्हणजे खासगी जीप, ती थांबवता येते. केलेली गाडी तर आपल्या हुकमाची असते. एसटी मात्र चाळीस माणसं घेऊन चाललेली असते. तिच्यात उठून, चाळीस माणसांसमोर कंडक्टरला "मास्तर, जरा थांबवा" म्हणायचं आणि रस्त्याकडेला उतरायचं, सगळी गाडी वाट बघत असताना परत चढायचं. सत्तावन्न वर्षांच्या, चारचौघांत मान असलेल्या माणसाला हे किती जड जात असेल!

मी डॉक्टर नाही. पत्रावरून कुणाच्या शरीराबद्दल निदान करायचा मला अधिकार नाही. माझा अंदाज चुकलाही असेल. पण तुम्ही जिथे लाज आणि कंटाळा बघताय तिथे कदाचित भीती असेल, आणि ती तुमच्याबद्दलची नसेलच. असं मी का म्हणते ते सांगते.

माझे वडील शिक्षक होते. निवृत्तीनंतर आईला वाटलं, आता तरी चार ठिकाणी जाऊ. वडील दरवेळी म्हणायचे, "दगदग नको." आई समजून चालली की या माणसाला आपल्याबरोबर कुठे जायचंच नाही. पाच-सहा वर्षं हे चाललं. टाळताच येणार नाही अशा कार्याला आम्ही एसटीनं जायचो, तेव्हा आई जुना फिरकीचा तांब्या पाण्यानं भरून घ्यायची. संध्याकाळी घरी आलो की तो तसाच गच्च भरलेला परत यायचा. वडिलांनी दिवसभरात घोटभरही पाणी प्यायलेलं नसायचं. आई ते पाणी तुळशीला घालायची आणि पुटपुटायची, "माझ्या हातचं पाणीसुद्धा चालत नाही यांना." पुढे एकदा रात्री लघवी पूर्ण तुंबली, दवाखान्यात न्यावं लागलं आणि तेव्हा कळलं की प्रोस्टेटची ग्रंथी वाढली आहे. औषधांनी महिन्याभरात फरक पडला. नंतर आई मला म्हणाली, "इतकी वर्षं तांब्या भरलेला परत येत होता, आणि मी भलतंच समजत होते." तुमच्या पत्रातला तो सकाळचा न घेतलेला चहा वाचून मला तो तांब्या आठवला.

पन्नाशीनंतर पुरुषांमध्ये प्रोस्टेट वाढणं फार सर्रास आढळतं. वारंवार जावं लागणं, आलं की थांबवता न येणं, धार बारीक होणं, रात्री दोन-तीनदा उठणं ही त्याची लक्षणं. हाच त्रास साखर वाढल्यामुळे किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानंही होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लघवी वाढते, त्यांना आपल्याकडे पाण्याची गोळी म्हणतात. म्हणजे कारणं निरनिराळी आहेत आणि बहुतेकांवर उपाय आहे. तुम्हाला मिरज जवळ आहे. फिरायला जायचं असो वा नसो, एकदा तपासणी आणि साखर बघून घ्या. लघवीत रक्त दिसलं, जळजळीबरोबर ताप आला किंवा लघवी होतच नाही असं झालं, तर तारीख ठरवत बसू नका, त्याच दिवशी जा. आणि पाणी बंद करणं हा उपाय नव्हे. पाणी कमी झालं की लघवी कडक होते, जळजळते आणि वरचेवर जावंसं वाटतं. शिवाय कोकणातल्या दमट हवेत घाम खूप येतो, तिथे पाण्याशिवाय चक्कर यायला वेळ लागत नाही.

आता हे विचारायचं कसं? "तुम्हाला लघवीचा त्रास आहे म्हणून तुम्ही येत नाही ना?" असं समोरासमोर विचारलंत तर ते नाही म्हणतील आणि दार बंद होईल. आपल्याकडच्या पुरुषांना या गोष्टी बायकोजवळही बोलायची सवय नसते. तुमच्याच पत्रात दुसरी एक गोष्ट आहे, तिचा आधार घ्या. तुम्ही लिहिलंय की घाटात तुम्हाला मळमळतं. ते खरं आहे, म्हणून ते मनापासून बोलता येईल. जेवणानंतर अंगणात बसला असाल, टीव्ही बंद असेल, तेव्हा म्हणा, "अहो, मला सलग चार-पाच तास गाडीत बसवत नाही. तास-दीड तासानं उतरून, तोंडावर पाणी मारून, पुढची गाडी धरत गेलो तर? कुठे घाई आहे आपल्याला?" मग गप्प बसा. त्यांना तो विचार घोळवू द्या. त्रासाचं तुमचं कारण पुढे ठेवलंत की त्यांना आपलं कारण उघड न करताही हो म्हणता येईल. आपणहून ते उघड करतील तर ऐका, आणि ती गोष्ट मुलांपर्यंत किंवा जाऊबाईंपर्यंत नेऊ नका.

माझा अंदाज साफ चुकला आणि त्यांचं नाही म्हणणं वेगळ्याच कारणानं असेल, तर तेही कळायला हवं. पैसे, कामावरची सुट्टी, मुलाच्या लग्नाचा खर्च यातलं काहीतरी डोक्यात असू शकतं. सोळा हजार हा आकडा त्यांना माहीत आहे का? तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही. भिशीचे पैसे गुपचूप ठेवण्यामागची सावधगिरी मी समजू शकते, पण सहलीचा विषय पैसे दाखवून काढा. हिशेबाच्या माणसाला हिशेब दिसला की पुष्कळ शंका आपोआप मिटतात.

तर तो हिशेब. राहायला रात्रीचे १,५०० रुपये ही कमाल ठरवा, चार रात्रींचे ६,०००. जेवणखाण दिवसाला दोघांचं १,०००, म्हणजे ५,०००. सगळा प्रवास, रिक्षा आणि होडी मिळून ३,००० धरा. उरलेल्या २,००० ला हात लावायचा नाही, ते औषधपाण्याचे आणि अडीअडचणीचे. हेच पाच दिवस गाडी करून गेलात तर किलोमीटरचे पैसे, ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि त्याचं जेवणखाण यातच भिशी संपत येईल. मिस्टरांचा त्रास फार असेल तर मात्र गाडीचा विचार मोडीत काढू नका. पाचऐवजी तीन दिवस जा आणि एखादं जोडपं बरोबर घेऊन खर्च वाटून घ्या. अट एकच, त्या जोडप्यासमोर ते मोकळे असायला हवेत.

तिकिटाचं असं आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत राज्यात अर्धं तिकीट आहे. म्हणजे तुम्हा दोघांचं मिळून दीड तिकीट. आरक्षण केलंत तर त्याचा आकार वेगळा लागतो. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. वेंगुर्ल्याहून पुढे गोव्याला जायचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा. मिस्टरांना पासष्ट पूर्ण झाल्यावर अर्धं आणि पंच्याहत्तरनंतर पूर्ण मोफत. तोवर पूर्ण तिकीट. ज्या वाचकांच्या घरी पासष्टीपुढची मंडळी आहेत त्यांनी वयाचा पुरावा, आधार कार्ड वगैरे, हाताशी ठेवायला विसरू नये. 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पास तुमच्या ऐकण्यात असेल. रोज लांबचा पल्ला मारणाऱ्याला तो परवडतो. तुमचं तिकीट मुळातच अर्धं आहे आणि तुम्ही तुकड्यातुकड्यानं जाणार आहात, म्हणून तुमच्या हिशेबात तो बसेल असं मला वाटत नाही. घेण्याआधी आगाराच्या खिडकीवर आजचा दर विचारून कागदावर बेरीज करा.

आता तुमच्या गावांच्या यादीबद्दल. दापोली सोडा. मनापासून सांगते, सोडाच. पाच दिवसांत पाच गावं केलीत तर समुद्रापेक्षा स्टँडच जास्त दिसतील. नकाशावर ही गावं एकाखाली एक ओवल्यासारखी दिसतात आणि वाटतं, किनाऱ्या-किनाऱ्यानं एसटी जात असेल. कोकणचा किनारा खाड्यांनी चिरलेला आहे. पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला अर्जुना, विजयदुर्गला वाघोटण, तारकर्लीच्या खाली कर्ली नदी. पूल झालेत, तरी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाताना बहुतेक वेळा गाडी आधी वर हायवेला चढते, काही मैल दक्षिणेला जाते आणि मग पुन्हा फाट्यावरून समुद्राकडे उतरते. म्हणून दोन गावं धरा, रत्नागिरी आणि मालवण. दोन-दोन रात्री. वेंगुर्ला पुढच्या खेपेला ठेवा.

आणि या चढउतारातच तुमच्या अडचणीची सोय आहे. लांबच्या एका गाडीत अडकून पडायचं कारणच नाही, दर तास-दीड तासाला एक मोठा स्टँड लागतो. सांगलीहून सकाळी कोल्हापूर. तिथे उतरा, स्वच्छतागृहात जाऊन या, चहा घ्या. होय, चहा घ्या. मग रत्नागिरीकडची गाडी धरा आणि मलकापूरला पुन्हा उतरा. पुढे आंबा घाट आहे, त्यात कुणी थांबवत नाही आणि थांबवूही नये, म्हणून मलकापूरचा थांबा सोडू नका. घाट उतरल्यावर साखरपा येतं. रस्त्याच्या कामांमुळे वेळ मागेपुढे होतो, तेव्हा त्या दिवशी संध्याकाळी रत्नागिरीला पोचण्यापलीकडे काहीही ठरवू नका. सामान टाकून मांडवीच्या जेटीवर जा आणि सूर्य बुडेपर्यंत बसा. तुमचं 'यांच्या शेजारी बसून' तिथेच होऊन जाईल.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे. आरे-वारेवरून जाणारी गाडी मिळाली तर तीच घ्या, रस्ताभर समुद्र दिसतो. पुळ्याला टेकडीलाच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला घालायची असते. वाट साधारण किलोमीटरभराची आहे. कळकळीची सूचना, पुळ्याच्या समुद्रात पाय भिजवा, आत जाऊ नका. तिथे पाण्याला ओढ आहे आणि दरवर्षी माणसं दगावतात. उतरल्या उतरल्या कंट्रोलरला किंवा मास्तरांना विचारा, "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" लहान गावांत संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात. शाळा सुटायच्या वेळी तर गाडीत पाय ठेवायला जागा नसते, ती वेळ टाळा.

तिसरा दिवस रत्नागिरी ते मालवण. तुम्ही एसटीचं विचारलंत, पण हा एक टप्पा मी तुम्हाला रेल्वेनं करायला सांगेन. कोकण रेल्वेनं रत्नागिरीहून कणकवलीपर्यंत जा. पॅसेंजर असो वा एक्स्प्रेस, डब्यात शौचालय असतं, उठायला कुणाची परवानगी लागत नाही आणि तिकीट खिशाला जड नाही. दिवा–सावंतवाडी गाडी या दोन्ही स्टेशनांवर थांबते. रत्नागिरीचं स्टेशन गावापासून लांब, कुवारबावजवळ आहे, त्यामुळे रिक्षाचे पैसे आणि अर्धा तास जादा धरा. वेळापत्रक पावसाळ्यात वेगळं असतं, आदल्या दिवशी बघून घ्या. कणकवलीत स्टँडवर येऊन मालवणची एसटी. एसटीनंच जायचं ठरवलंत तर राजापूरला आणि कणकवलीला गाडी बदला, म्हणजे एकही बैठक फार लांबणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी लवकर सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. होडीवाला किल्ल्यावर मोजकाच वेळ देतो आणि होडीत काही सोय नसते, म्हणून निघण्यापूर्वी खोलीवर जाऊन या. पावसाळ्यात होड्या बंद असतात. तुम्ही डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, पण नाताळचा आठवडा आणि शनिवार-रविवार सोडून. त्या दिवसांत १,५०० त खोली मिळणं मुश्किल. जेवण घरगुती खाणावळीत घ्या. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. आपल्याकडची ज्वारीची भाकरी त्यांना आठवेल, पण दोन दिवस चालतंय. बरोबर सांगलीचं भडंग न्या, गाडी उशिरा आली की तेच कामाला येतं.

पाचव्या दिवशी पहाटेची गाडी धरून कणकवली, मग फोंडा घाटानं राधानगरी, कोल्हापूर आणि घर. हा दिवस सगळ्यात लांबचा आहे. इथेही कणकवली, राधानगरी आणि कोल्हापूर असे तीन थांबे मिळतात.

खोली ठरवताना फोनवर दोन गोष्टी स्पष्ट विचारा. संडास-बाथरूम खोलीला लागून आहे ना, आणि स्टँडपासून चालत किती मिनिटं? किंमत नंतर विचारा. समुद्र दिसणारी खोली हवीच असं काही नाही, समुद्र बाहेर आहेच. शंभर-दोनशे वाचवायला सामायिक संडासाची खोली घेऊ नका. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या माणसाला अनोळखी घराच्या अंगणातून बॅटरी घेऊन जायला लावणं बरं नव्हे.

गाडीत पुढच्या बाजूला बसा. मागच्या चाकावरच्या आणि शेवटच्या बाकावर हादरे जास्त बसतात, त्यानं तुमची मळमळ आणि त्यांची घाई दोन्ही वाढतात. जिथून गाडी सुटते तिथूनच चढलात तर पुढची जागा मिळते, आणि तुकड्यातुकड्यानं जाण्याचा हाही एक फायदा. पाणी एकदम ढोसायचं नाही, घोट घोट प्यायचं. चहा-कॉफी उतरायच्या थोडं आधी नाही, उतरल्यावर. जागा मिळाली म्हणून बसून राहू नका, गाडी दहा मिनिटं थांबणार असेल तर मास्तरांना सांगून जाऊन या. सांगून गेलेल्या माणसाला टाकून गाडी निघाल्याचं मी इतक्या वर्षांत बघितलेलं नाही. पाच-दहा रुपयांची सुट्टी नाणी वेगळ्या पुरचुंडीत ठेवा, स्वच्छतागृहाच्या दारात नोट मोडत बसायला वेळ नसतो. तुमच्यासाठी घाटाची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, घाटाच्या आधी अर्धा तास. रिकाम्या पोटी घाट चढू नका. सामान दोनच पिशव्या, प्रत्येकाला आपली उचलून एसटीच्या पायऱ्या चढता येतील एवढ्याच.

या सगळ्यात बायकांचं कुणी विचारत नाही, म्हणून इतर वाचक मैत्रिणींसाठी लिहिते. एका स्टँडवर, नाव घेत नाही, बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं. मी कंट्रोलरच्या खिडकीशी उभी राहिले आणि किल्ली येईपर्यंत हलले नाही. माझ्या मागे आणखी चौघीजणी येऊन थांबल्या. त्या चौघींपैकी एकीनंही तोवर विचारलेलं नव्हतं, सगळ्या सोसत बसल्या होत्या. आपणही सकाळपासून पाणी न पिता प्रवास करतो, आणि त्याला इतक्या सरावलोय की त्रास वाटेनासा झालाय. ज्यांना खोकलं-शिंकलं की थेंबभर जातं त्यांनी बाळंतपणानंतर असं व्हायचंच म्हणून सोडून देऊ नये. त्याला व्यायाम आहेत, इलाज आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

तुमचा तिसरा प्रश्न उरला. मैत्रिणीबरोबर जाऊ का? जरूर जा, पण आधी वर लिहिलेलं बोलणं होऊ द्या. न बोलता गेलात तर तो त्यांना टोमणा वाटेल, आणि समुद्रासमोर बसूनही तुमचं लक्ष घरी राहील. बोलून, त्यांचं नक्की नाही आलं आणि कारण तुम्हाला पटलं, तर मैत्रिणीबरोबर आनंदानं जा. तेव्हा तुम्हा दोघींचं मिळून एकच तिकीट होईल.

त्याआधी एक करून बघा. येत्या एखाद्या रविवारी दोघं सांगलीहून कोल्हापूरला एसटीनं जाऊन या. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर तासभर, संध्याकाळी परत. कोकणाचा विषय त्या दिवशी काढू नका. निघताना पाण्याची बाटली भरून घ्या, खिडकीची जागा त्यांना द्या आणि जाताना कुठे उतरावंसं वाटतंय का एवढंच एकदा सहज विचारा. घरी आल्यावर बाटलीत किती पाणी उरलंय ते बघा आणि मला कळवा. रत्नागिरीची तारीख त्यानंतर ठरवू.